दूरदेशीचे असत्य आणि गावातले मत

परकीय दुष्प्रचार म्हणजे देशाच्या सीमेबाहेरून, खरी ओळख लपवून, हेतुपुरस्सर पसरवलेली खोटी किंवा तोडून-जोडून तयार केलेली माहिती. तिचा रोख कधी एखाद्या निवडणुकीवर असतो, कधी दोन समाजांच्या संबंधांवर, तर कधी निवडणूक आयोग, न्यायालय, लष्कर अशा संस्थांवरच्या विश्वासावर. परदेशी वृत्तपत्राने भारतावर उघड टीका केली तर तिला उत्तर देता येते. लिहिणारा कोण आणि त्याचा हितसंबंध कोणता, हे वाचकाला ठाऊक असते. दुष्प्रचारात नेमके हेच झाकलेले असते. परदेशातल्या कार्यालयात पगारावर बसलेला माणूस इथला शेतकरी किंवा विद्यार्थी म्हणून लिहितो आणि वाचणारा त्याला आपल्यातलाच समजतो. मत देणे ही ज्याची त्याची गोष्ट असली, तरी मत तयार होते ते चार माणसांशी बोलून, त्यांचे ऐकून, त्यांच्याशी वाद घालून. त्या चारांत एक वेषांतर करून बसलेला असेल, तर मतदान यंत्राला हातही न लावता निकालाच्या मुळाशी पोहोचता येते.

ही रीत इंटरनेटच्या आधीची आहे. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. एड्सचा रोग अमेरिकेने लष्करी प्रयोगशाळेत निर्माण केला, असा त्यात दावा होता. पत्र एका अमेरिकी शास्त्रज्ञाचे असल्याचे भासवले होते. प्रत्यक्षात ती सोव्हिएत गुप्तहेर संघटना केजीबीची कामगिरी होती. १९८५ मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गझेता’ने याच भारतीय दैनिकाचा हवाला देऊन तो मजकूर पुन्हा छापला आणि १९८७ पर्यंत तो जगभर, अनेक भाषांत पोहोचला. १९९२ मध्ये रशियन गुप्तचर संस्थेचे तेव्हाचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी त्यामागे केजीबी असल्याचे मान्य केले. यात दिल्लीच्या दैनिकाचे काम एवढेच होते, की मॉस्कोत तयार झालेले असत्य तिसऱ्याच देशातून निघाल्याचे दिसावे. आज त्या दैनिकाची जागा बनावट खात्यांनी घेतली आहे, आणि चार वर्षांचे काम एका दुपारी उरकते.

नव्या रीतीचा सर्वांत बोलका नमुना अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात घडला. २१ मे २०१६ रोजी तिथल्या एका इस्लामी केंद्रासमोर दोन जमाव एकमेकांविरुद्ध घोषणा देत उभे होते. एका जमावाला टेक्सासच्या अभिमानाचा गजर करणाऱ्या फेसबुक पानाने बोलावले होते, दुसऱ्याला अमेरिकी मुसलमानांच्या नावाने चालणाऱ्या पानाने. दोन्ही पाने सेंट पीटर्सबर्गमधली एकच रशियन संस्था चालवत होती. रस्त्यावर उतरलेली माणसे मात्र खरी होती, त्यांचा रागही खरा होता. तो पेटवणारे हात कुठले, हे दोन्ही बाजूंना ठाऊक नव्हते. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेत १३ रशियन नागरिक आणि ३ कंपन्यांवर यासंबंधी आरोपपत्र ठेवले गेले. दुष्प्रचार करणाऱ्याला दोन्हींपैकी एक बाजू जिंकायला हवी असते असे नाही. दोन्ही बाजूंचे एकमेकांशी बोलणे बंद पडले, तरी त्याचे काम होते.

भारताच्या बाबतीतही अशी प्रकरणे नोंदली गेली आहेत. लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, १ एप्रिल २०१९ रोजी, फेसबुकने पाकिस्तानातून चालणारी १०३ पाने, गट व खाती काढून टाकली आणि त्यांचा संबंध पाकिस्तानी लष्कराच्या जनसंपर्क विभागातल्या कर्मचाऱ्यांशी असल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी काँग्रेसच्या आयटी सेलशी संबंधित व्यक्तींची ६८७ पाने व खाती आणि एका भारतीय आयटी कंपनीशी जोडलेली १५ पाने, गट व खातीही खोट्या ओळखीच्या कारणावरून हटवली गेली. बाहेरच्याकडे बोट दाखवताना घरातला हा भाग विसरता येत नाही. मे २०२४ मध्ये, लोकसभेचे मतदान सुरू असतानाच, एका इस्रायली कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने भारतीय निवडणुकीवर प्रतिक्रिया लिहून पसरवायला घेतल्या. सत्ताधारी पक्षावर टीका आणि विरोधी पक्षाची भलामण, असे त्यांचे स्वरूप होते. ओपनएआयने चोवीस तासांच्या आत तो प्रकार थांबवला आणि त्याला फारसा प्रतिसाद मिळाला नव्हता. त्याच सुमारास मेटाने चीनमधून चालणारे एक लहानसे जाळे उघड केले. त्यातली खाती शीख असल्याचे भासवून जगभरच्या शीख समाजाला उद्देशून लिहीत होती.

ही सारी उदाहरणे पाहून एक निष्कर्ष काढायला हरकत नाही. नुसत्या परकीय खात्यांचा प्रभाव बहुधा थोडाच असतो. तो मोठा होतो तो इथल्या ओळखीच्या माणसाने मजकूर पुढे पाठवला की. रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा तालुक्यांतल्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी मुंबई-ठाण्यात नोकरीला असते, कोकणी मुसलमान कुटुंबांतले अनेक जण आखातात. गावकीचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप अशा वाटांनी फॉरवर्ड फिरत राहतो. शेवटच्या टप्प्यावर तो मामाकडून किंवा जुन्या शिक्षकांकडून आलेला असतो, आणि माणूस मजकुरावर नव्हे, मामावर विश्वास ठेवतो. मूळ कुठले, हे तिथे कोणी विचारत नाही.

याची सर्वांत भीषण किंमत महाराष्ट्राने धुळे जिल्ह्यात मोजली. २०१८ च्या उन्हाळ्यात देशभर मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा पसरल्या होत्या. त्यांच्याबरोबर एक चित्रफीत फिरत होती. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. ही चित्रफीत कराचीतली होती. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ती बनवून घेतली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला खाली सोडतात आणि कॅमेऱ्यासमोर सावधगिरीचा फलक धरतात. कोणीतरी हा शेवट कापला. मालेगावात फिरलेल्या अशाच एका मजकुरात मुलांच्या मृतदेहांचे छायाचित्र होते आणि अवयवांसाठी त्यांना मारल्याचा दावा होता. ते छायाचित्र २०१३ मधल्या सीरियातील विषारी वायूच्या हल्ल्याचे होते.

१ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. त्यांच्यापैकी एक जण एका मुलीशी बोलताना दिसला आणि ‘पोरे पळवणारे’ अशी ओरड झाली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मरेपर्यंत मारले. पाचही जण गेले. ज्या ठिकाणी ग्रामसभेचे ठराव लिहिले जातात, नळपट्टी आणि घरपट्टी भरली जाते, तिथेच गावाने खटला, पुरावा आणि न्याय हे सगळे बाजूला सारले. त्याच दिवशी मालेगावात असाच जमाव जमला होता. तिथे पोलीस आणि काही स्थानिक माणसे आडवी आली म्हणून पाच जीव वाचले. राईनपाड्यामागे कोणत्याही परदेशी सरकारचा हात नव्हता. पण परक्या मुलखातली चित्रे संदर्भ तोडून आणली की इथल्या भीतीला पुरावा मिळतो, हे त्या उन्हाळ्याने दाखवले. हेतू ठेवून हेच काम करणाऱ्याला याहून सोपा मार्ग कोणता? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. वेग थोडा कमी झाला, वाटा त्याच राहिल्या.

भीती नेहमी निराधार असते असेही नाही, आणि रायगड जिल्ह्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. १९९३ च्या आरंभी श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रे आणि स्फोटके उतरली. १२ मार्चला मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसे मेली. म्हणून १८ ऑगस्ट २०२२ रोजी, गोकुळाष्टमीच्या ऐन तोंडावर, हरिहरेश्वरजवळ माणूस नसलेली बोट लागली आणि तीत एके-४७ रायफली सापडल्या, तेव्हा जिल्हा हादरला. नाकाबंदी झाली, वाहिन्यांवर तर्कांना ऊत आला. त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात माहिती दिली. बोटीचे नाव ‘लेडी हान’, मालकीण ऑस्ट्रेलियन, प्रवास मस्कतहून युरोपकडे. जून महिन्यात इंजिन बिघडल्याने माणसांची सुटका एका कोरियन युद्धनौकेने केली होती आणि बोट प्रवाहाबरोबर इकडे आली. जुलै २०२५ मध्ये कोर्लईजवळ, म्हणजे रोह्याहून वाहत येणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते त्या परिसरात, रडारवर संशयास्पद पाकिस्तानी बोट दिसल्याची बातमी आली. शोधाअंती तो मासेमारीच्या जाळ्याला बांधलेला तरंगता बोया निघाला.

हरिहरेश्वरच्या प्रकरणात सर्वांत मोलाची गोष्ट होती वेळ. खरी हकिगत संध्याकाळच्या आत, नाव, मार्ग आणि कारण यांसह, विधिमंडळात सांगितली गेली. तिला दोन-तीन दिवस लागले असते तर दहीहंडीच्या गर्दीत काय पसरले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. अधिकृत उत्तर मोघम असेल किंवा उशिरा येईल, तर मधली जागा दुसरे कोणीतरी भरते.

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत ही मधली जागा फार मोठी होती. गुजरातच्या हजिरा बंदरावर हल्ला झाल्याची म्हणून फिरलेली चित्रफीत जुलै २०२१ मधल्या एका तेलवाहू टँकरच्या स्फोटाची असल्याचे पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागाने दाखवून दिले. महाराष्ट्र सायबरने सांगितल्याप्रमाणे सात हॅकर गटांनी भारतातल्या यंत्रणांवर सुमारे १५ लाख सायबर हल्ले केले, त्यांतले यशस्वी ठरले अवघे १५०. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचे संकेतस्थळ विद्रूप झाले, ते त्यांतले एक. मुंबई विमानतळाची माहिती चोरल्याचा आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर हल्ला केल्याचा हॅकरांचा दावा खोटा असल्याचेही महाराष्ट्र सायबरने स्पष्ट केले. हा दावा नीट पाहण्यासारखा आहे. संकेतस्थळ फोडणे अवघड असते. ते फोडले असे सांगणे सोपे असते, आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवला तर नुकसान जवळजवळ तेवढेच होते. दुर्दैवाने त्याच दिवसांत भारतातल्या काही वाहिन्यांनीही कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या दिल्या आणि त्या खोट्या ठरल्या. शत्रूच्या खोट्याला उत्तर म्हणून आपले खोटे चालते, ही समजूत घातक आहे. अशाने श्रोत्याला एवढेच कळते, की सगळेच खोटे बोलतात, आणि दुष्प्रचार करणाऱ्याला याहून वेगळे काही शिकवायचे नसते.

निवडणुकीत थोड्या मतांचा फरक किती निर्णायक ठरतो, याचे उदाहरण रायगड लोकसभा मतदारसंघाइतके ठळक क्वचितच सापडेल. २०१४ मध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा केवळ २,११० मतांनी पराभव केला. तटकरे यांच्याच नावाचा दुसरा एक अपक्ष उमेदवार रिंगणात होता आणि त्याला नऊ हजारांहून अधिक मते पडली. तो काही परकीय डाव नव्हता. पण एवढ्याशा गोंधळाने खासदार बदलू शकतो, हे त्या आकड्यांत स्पष्ट आहे. लाखो मने वळवण्याची गरज नसते.

गोंधळ घालायला सर्वांत सोयीची वेळ म्हणजे मतदानाआधीचे दोन दिवस. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. स्लोव्हाकियातही असाच नियम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या मतदानाच्या दोन दिवस आधी एका पक्षाचे नेते आणि एक पत्रकार मते विकत घेण्याबद्दल बोलत असल्याची बनावट ध्वनिफीत पसरली. प्रचारबंदीमुळे खुलाशाचा आवाज दबून गेला. महाराष्ट्रात १९ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री, विधानसभेच्या मतदानाला काही तास उरले असताना, दोन विरोधी नेत्यांच्या म्हणून सांगितलेल्या ध्वनिफिती प्रसारित झाल्या. संबंधितांनी त्या बनावट असल्याचे सांगून तक्रार केली आणि तथ्य तपासणाऱ्यांना त्यांत कृत्रिम आवाजाच्या खुणा आढळल्या. हे प्रकरण देशांतर्गत होते, पण परकीयालाही हीच खिडकी उघडी असते. रुमानियात तर डिसेंबर २०२४ मध्ये टिकटॉकवरच्या संघटित मोहिमेचे गुप्तचर अहवाल उघड झाल्यावर घटनात्मक न्यायालयाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली. एखाद्या बाह्य शक्तीला याहून मोठे यश कोणते हवे? मतदान झाले आणि मोजलेही गेले, पण ते वाया गेले.

महाराष्ट्राच्या त्या निवडणुकीत बाहेरून आलेला सर्वांत गाजलेला दावा यंत्रांविषयी होता. परदेशात राहणाऱ्या सय्यद शुजा नावाच्या व्यक्तीने विशिष्ट फ्रिक्वेन्सी वेगळी काढून राज्यातली ईव्हीएम हॅक करता येतील, असा दावा केल्याची चित्रफीत पसरली. याच व्यक्तीने जानेवारी २०१९ मध्ये लंडनमधल्या पत्रकार परिषदेतही तसेच दावे केले होते आणि तेव्हा दिल्लीत गुन्हा नोंदला गेला होता. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या तक्रारीवरून मुंबईच्या सायबर पोलिसांनीही गुन्हा नोंदवला. हे यंत्र वायफाय, ब्लूटूथ किंवा अन्य कोणत्याही जाळ्याला जोडता येत नाही, असे आयोगाने सांगितले. प्रत्येक मतदारसंघातली पाच याप्रमाणे १,४४० व्हीव्हीपॅट यंत्रांतल्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि त्या मतांशी जुळल्या. तरीही शंका विरली नाही. डिसेंबरच्या आरंभी माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत गावकऱ्यांच्या एका गटाने मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचे ठरवले आणि प्रशासनाने ते होऊ दिले नाही. त्या गावाची शंका परदेशातून आलेली नव्हती, आणि शंका घेणे हा गुन्हाही नव्हे. आकड्यांनिशी, समोरासमोर बसून ती फेडता आली असती. बंदोबस्ताने ती फेडली जात नाही.

अविश्वासाची जमीन तयार कशी होते, हे पेण तालुक्याने दोनदा पाहिले आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई सेझच्या प्रश्नावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते सेझविरोधी लढ्यात पुढे होते. शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने येऊन मत नोंदवले आणि कल जमीन देण्याच्या विरोधात होता. देशात क्वचितच झालेला असा प्रयोग पेणमध्ये शांततेत पार पडला, पण त्याचा निकाल सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही. प्रकल्प पुढे बारगळला, तरी मोजलेले मत दडवता येते हा धडा लोकांच्या मनात राहिला. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. बनावट कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये गेल्याचे उघड झाले आणि ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. त्याच जिल्ह्यात हिशेबाचे कागद खोटे निघावेत, हे फार क्लेशदायक आहे. ज्या माणसाला त्याच्या बँकेने खोटा ताळेबंद दाखवला, त्याने उद्या निवडणूक यंत्रणेविषयीची अफवा खरी मानली तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही.

उपायांचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. सरकारकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ प्रमाणे मजकूर रोखण्याचा अधिकार आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानातून चालणारी २० यूट्यूब चॅनेल त्याच अधिकाराने बंद झाली. परकीय बनावट जाळ्यांपुरता हा अधिकार योग्य आणि आवश्यक आहे. मात्र सरकारविषयीची कोणती बातमी खोटी हे सरकारनेच नेमलेल्या विभागाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ च्या नियमांत झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयापुढे तिला आव्हान दिले गेले. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द ठरली. निर्णय योग्यच झाला. सत्य ठरवण्याचा मक्ता सत्तेकडे गेला की नागरिकाचा उरलासुरला विश्वासही जातो, आणि परकीय प्रचाराला त्याचाच फायदा होतो.

खरा बचाव खालच्या पायरीवर आहे, आणि तो कायद्यात आधीच लिहिलेला आहे. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांची चाचणी होते. मतदाराला आपण दिलेल्या मताची चिठ्ठी व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद दिसते. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष फॉर्म १७-सी भरतो. त्या यंत्रात एकूण किती मते नोंदली गेली, यंत्राचा आणि सीलचा क्रमांक कोणता, हे त्यात असते, आणि त्याची सहीनिशी प्रत प्रत्येक मतदान प्रतिनिधीला मिळते. मोजणीच्या दिवशी यंत्रावरचा आकडा त्या प्रतीशी ताडून पाहता येतो. लंडनहून किंवा आणखी कुठून आलेल्या दाव्याला याहून ठोस उत्तर नाही, कारण हा कागद आयोगाच्या कपाटात नव्हे, गावातल्या माणसाच्या खिशात असतो. पुष्कळ केंद्रांवर प्रतिनिधी ही प्रत न घेताच घरी जातात, किंवा घेतली तरी ती मोजणीपर्यंत टिकत नाही. पेण, रोहा आणि नागोठण्यातल्या सर्व पक्षांच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या विधानसभा-लोकसभा मतदानाच्या संध्याकाळी ही प्रत मागून घ्यावी, आकडा त्याच रात्री गावात वाचून दाखवावा आणि कागद मोजणीपर्यंत जपून ठेवावा.